सावलीचा हिशेब : एचडीआर छायाचित्रणाची सुरुवात आणि आपली नजर

(पलूस इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय पत्रिकेत ‘एचडीआर फोटोग्राफीची सुरुवात’ असा छापलाय. म्हणजे काहीजण इथं वही-पेन घेऊन आलेत, कुठलं बटण दाबायचं ते लिहून घ्यायला. ते आम्ही सांगणारच आहोत, काळजी नको. पण बाहेर व्हरांड्यात आपल्या तालुक्यातल्या हौशी मंडळींनी काढलेले फोटो लावलेत, ते येताना बघितले का? त्यातले निम्मेअधिक एचडीआर आहेत. त्या फोटोंबद्दल बोलल्याशिवाय नुसतं बटण शिकवणं म्हणजे गाडीचा गिअर शिकवायचा आणि रस्त्याचा नियम सांगायचाच नाही, तसं होईल. तेव्हा आज दोन्ही. थोडं तंत्र, थोडी टीका. टीका दुसऱ्यावर करायच्या आधी स्वतःची चूक सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला कुणाला विसरता येणार नाही. ब्रह्मनाळची बोट आपल्याच तालुक्यातली. पाणी उतरल्यावर आम्ही दोन पोरांना बरोबर घेऊन काठावरच्या एका गावात फोटो काढत फिरत होतो. एका म्हातारीनं हाताला धरून घरात नेलं. मातीच्या भिंतीचं घर, एकच खिडकी. भिंतीवर पाण्याची रेघ, चांगली फळीच्या वर. म्हणाल्या, “हिचा फोटो काढा.” आम्ही काढला. खिडकीतला उजेड बघून कॅमेऱ्यानं आपला हिशेब केला, आणि भिंत आली काळीकुट्ट. मग फ्लॅश टाकला. समोरून उजेड पडला, ओली भिंत चमकली आणि रेघ धुऊन निघाली. मागच्या छोट्या पडद्यावर त्यांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यात रेघ कुठं हाय रं बाळा? पाणी माझ्या कपाळाच्या वर हुतं.”

आम्ही म्हटलं, घरी जाऊन कॉम्प्युटरवर नीट करतो. ते काही झालं नाही, कारण तेव्हा आम्ही जेपेगमध्येच काढत होतो. काळ्यातलं काढायला मागं काही शिल्लकच नव्हतं. दिवाळीत परत गेलो तर भिंतीला चुना दिलेला. रेघ गेली. आमच्याकडे आजही त्या घराचे दोन फोटो आहेत, एक काळा आणि एक पांढरा. खरं काय होतं, ते दोन्हीत नाही.

एचडीआर आम्ही शिकलो ते त्यानंतर.

आता गणित बघू. सोपं आहे.

छायाचित्रात उजेड मोजायचं माप म्हणजे ‘स्टॉप’. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. एखाद्या दृश्यात सगळ्यात अंधाऱ्या तपशिलापासून सगळ्यात उजळ तपशिलापर्यंत जो पल्ला असतो, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. तो पल्ला मोठा असला की ‘हाय’. हाय डायनॅमिक रेंज, एचडीआर. नावात एवढंच आहे.

औदुंबरचा घाट घ्या. भर दुपारी उघड्यावर, पायऱ्यांवर आणि कृष्णेच्या पाण्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. झाडाखालून आत आलात, छताखाली कोपऱ्यात उभं राहिलात, की तिथं शंभर लक्स धरा. हजार पट फरक, म्हणजे दहा स्टॉप. कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर, आयएसओ १०० आणि छिद्र एफ-८ ठेवलं तर बाहेर १/४०० सेकंद पुरतं आणि आतल्या कोपऱ्याला लागतात अडीच सेकंद. शिवाय उन्हातसुद्धा पांढरा सदरा आणि काळा दगड असतो, सावलीतही असतो. त्याचे पाच-सहा स्टॉप वर मिळवा. झाले पंधरा-सोळा.

चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर रॉ फाइलमध्ये बारा ते चौदा स्टॉप पकडतो. आणि भिंतीवर लावायचा कागदी प्रिंट? त्यात सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा यांत साधारण शंभर पट फरक, म्हणजे साडेसहा स्टॉप. आता बघा, सोळा स्टॉपचं दृश्य साडेसहाच्या कागदावर बसवायचंय. आपल्याकडच्या वडापसारखं आहे हे. सीट साडेसहा आणि माणसं सोळा. बसवता येतात, आपण रोज बघतो. पण पुढं कोण बसणार, कोण कुणाच्या मांडीवर, कोण मागं लटकणार आणि कुणाला “पुढच्या गाडीनं या” म्हणायचं, हे कुणीतरी ठरवतं. एचडीआरमध्ये ते ठरवणारे तुम्ही. आजची सगळी टीका या एकाच मुद्द्यावर आहे.

लोकांना वाटतं ही मोबाइलनं आणलेली भानगड आहे. तसं नाही. छायाचित्रणाइतकीच ही अडचण जुनी. १८५० च्या दशकात काचेवरची जी कलोडियन निगेटिव्ह होती, ती निळ्या उजेडाला फार हळवी. जमीन नीट आली की आकाश फट्ट पांढरं, आकाश धरलं की जमीन काळी. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या छायाचित्रकारानं १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, त्यातल्या काहींत त्यानं ढगांची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह वापरल्या आणि क्षितिजाच्या रेषेवर जोडून एक प्रिंट काढला. ‘द ग्रेट वेव्ह’ हा त्याचा १८५७ चा फोटो तसाच आहे. लोक तेव्हाही बघतच राहिले. म्हणजे दोन एक्स्पोजरचा एक फोटो करायचं काम १८५७ च्या बंडाच्या वेळेपासून चालू आहे.

१९३९-४० च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टिम’ बांधली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, शून्य ते दहा. बटण दाबायच्या आधी ठरवायचं, ही सावली कुठल्या पायरीवर बसणार. पुढं चार्ल्स वाईकॉफनं वेगवेगळ्या संवेदनेचे तीन थर असलेली फिल्म केली आणि अणुस्फोटाचे फोटो तिच्यावर काढले गेले. १९९५ मध्ये मान आणि पिकार्ड यांनी, १९९७ मध्ये डेबेव्हेक आणि मलिक यांनी, अनेक एक्स्पोजरमधून दृश्याचा खरा उजेड गणितानं परत कसा काढायचा ते दाखवलं. त्या १९९७ च्या निबंधात एका चर्चच्या आतले सोळा फोटो आहेत, ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत. आत अंधार आणि रंगीत काचेमागं सूर्य. आमच्या म्हातारीची खिडकी आणि भिंत, तोच प्रश्न.

२००२ मध्ये राइनहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पल्ला कागदाच्या मापात आणायची एक पद्धत मांडली, ती अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टिमवरूनच. याला म्हणायचं टोन मॅपिंग. २००७ मध्ये मर्टेन्स आणि मंडळींनी दुसरी वाट काढली, एक्स्पोजर फ्यूजन. त्यात मोठा हिशेब नाही; प्रत्येक फोटोतला जो भाग नीट आलाय तो उचलायचा आणि सांधा दिसणार नाही असा मिसळायचा. नवख्या माणसानं ही दुसरी वाट आधी धरावी असं आमचं मत. बिघडवायला वाव कमी.

आता वही उघडा.

पहिलं, गरज आहे का ते बघा. ढगाळ दिवस, सकाळचं धुकं, सावलीतला चेहरा, यांत पल्ला मुळातच लहान असतो. तिथं एचडीआर करणं म्हणजे पोट भरलेल्याला आग्रह करणं.

दुसरं, कॅमेरा तिकाटण्यावर. ट्रायपॉड नसेल तर भिंत, कठडा, वाळूची पिशवी, काहीही. पण हलता कामा नये. टायमर दोन सेकंदांवर.

तिसरं, छिद्र एकच ठेवायचं. एफ-८ धरा. आयएसओ १००. फोकस एकदा करून मग मॅन्युअल. व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढा. बदलायचा तो फक्त वेळ. छिद्र बदललं तर मागचं-पुढचं धूसर होणं बदलतं आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

चौथं, रॉ. जेपेग नको. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, चौदा बिटच्या रॉमध्ये १६ हजारांवर. आमची रेघ जेपेगमध्ये गेली, तुमची जाऊ देऊ नका.

पाचवं, किती फोटो? हिस्टोग्राम बघा. आधी असा फोटो घ्या की उजवीकडे आलेख भिंतीला चिकटत नाही. म्हणजे पाण्यावरची चमक सोडून बाकी उजेड शाबूत. मग दोन-दोन स्टॉपनं वेळ वाढवत जा, सावलीचा डोंगर डावीकडची भिंत सोडेपर्यंत. १/४०० पासून सुरू केलं तर १/१००, १/२५, १/६ असं. बहुतेक कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंग म्हणून सोय असते, ती उणे दोन, शून्य, अधिक दोन असे तीन फोटो काढून देते. लक्षात ठेवा, त्या तिघांनी तुमच्या सेन्सरच्या पल्ल्यात चारच स्टॉपची भर पडते. बारा आणि चार सोळा. औदुंबरला जेमतेम पुरेल. जास्त अंधार असला की चौथा-पाचवा फोटो घ्या.

सहावं, जोडणं. फुकटात ल्युमिनन्स एचडीआर आहे, ह्युगिनबरोबर येणारं एनफ्यूज आहे. विकतचं फोटोमॅटिक्स, लाइटरूम, फोटोशॉप आहे. कुठलंही घ्या. जोडून झालं की लगेच सेव्ह करू नका. चहा प्या. परत येऊन बघा. एचडीआर पहिल्यांदा बघताना नेहमी फार छान वाटतं, हाच त्याचा दोष.

सातवं, सरावाची जागा. सागरेश्वरची दगडी देवळं घ्या. आत अंधार, दारात ऊन, आणि दगड हलत नाही. अभयारण्यातल्या हरणांवर हा प्रयोग करू नका. तीन फोटोंत हरीण तीन ठिकाणी येतं आणि जोडल्यावर तीन अर्धपारदर्शक हरणं मिळतात. त्याला घोस्टिंग म्हणतात. वाऱ्यानं हलणारा ऊस, नदीचं पाणी, गर्दीतली माणसं, सगळीकडे हा त्रास. सॉफ्टवेअरात तो काढायची सोय असते, पण ती भूत काढते म्हणजे एकाच फोटोतला तो तुकडा घेते. तो कुठल्या फोटोतला, हे आपण निवडायचं.

झालं तंत्र. आता व्हरांड्यातले फोटो. कुणाचंही नाव घेणार नाही, आणि घाव घालायचाही नाही. हे सगळे दोष आमच्या जुन्या फोल्डरमध्येही आहेत.

एक फोटो आहे घाटाचा. मेहनत दिसते, पहाटे उठून काढलाय. पण झाडाच्या कडेनं आकाशात पांढरट पट्टा आलाय, जणू झाडाला प्रभावळ. हा हेलो. सॉफ्टवेअरनं प्रत्येक जागेचा उजेड शेजारच्या जागेकडे बघून ठरवला, आणि काळ्या झाडाशेजारचं आकाश उगाच उजळलं. देवाला प्रभावळ शोभते, कडुलिंबाला कशाला? हा तांत्रिक दोष, पट्टी मागं ओढली की जातो. त्याच फोटोत दुसरा दोष मोठा आहे. पायरीवरचं शेवाळ, ढग, झाडाची साल, बाईंच्या लुगड्याची घडी, सगळं सारखंच ठळक. नजर कुठं टेकत नाही. गावच्या कार्यक्रमात साउंडवाला सगळे माइक फुल्ल सोडतो तेव्हा काय होतं? पेटी, टाळ, पखवाज, मागं खोकणारा माणूस, सगळं ऐकू येतं, आणि कीर्तनकार काय म्हणतोय तेवढं ऐकू येत नाही. तसं झालंय. सगळं दिसतंय म्हणजे चित्र झालं, असं नाही.

दुसरा फोटो गुऱ्हाळाचा. हा आम्हाला आवडला आणि कशासाठी ते सांगतो. चुलवाणाचा जाळ, काहिलीवरची वाफ, दारातून येणारं ऊन आणि मागं काळं छप्पर. अवघड दृश्य. काढणाऱ्यानं जाळातला नारिंगी रंग राखलाय, गुळव्याच्या हातावरचा उजेड राखलाय, आणि छप्पर काळंच सोडलंय. त्याच्याकडे छपराचा तपशील नक्की असणार, उजळ फोटोत आलेला असणार. पण तो त्यानं वापरला नाही. वडापमधल्या कुणाला खाली उतरवायचं ते त्याला कळलं. चिपाडाच्या ढिगाचा नुसता आकार दिसतो, आणि तेवढ्यानं जागा कळते.

तिसरा फोटो ऊसतोडीचा. यावर जरा थांबू. दरवर्षी हंगामात बीडकडून आणि इतर भागांतून टोळ्या आपल्याकडे येतात. दुपारच्या उन्हात, डोक्यावर कापड बांधलेल्या माणसाचा चेहरा हा छायाचित्रातला फार अवघड भाग. सावळा रंग, कपाळावरून पडलेली सावली आणि मागं तळपणारं आकाश. इतकी वर्षं आपण असे फोटो काढले की माणसाचा नुसता काळा आकार यायचा. ‘श्रमाचं प्रतीक’ म्हणून तो छापलाही जायचा. अहो, प्रतीक कसलं, चेहरा आला नाही म्हणून! पूर्वी कोडॅकच्या प्रिंटचे रंग जुळवायची जी कार्डं लॅबमध्ये असत, त्यांवर गोऱ्या बाईचा चेहरा असे. माप तिथून ठरलं. तेव्हा एचडीआरनं या माणसाचे डोळे सावलीतून वर आणले, हा मोठा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण बाहेरच्या फोटोत काय झालंय? डोळे दिसतात, आणि त्याबरोबर चेहरा दोन छटा उजळ झालाय. कातडीवरची प्रत्येक सुरकुती दगडावर कोरल्यासारखी उठलीय. तीस वर्षांची बाई साठ वर्षांची दिसतेय. हे सॉफ्टवेअरनं आपणहून केलं, काढणाऱ्याच्या मनात तसं नसेल. पण जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकता येत नाही. सावलीतला चेहरा दिसावा एवढंच पाहिजे होतं; तो उन्हातला करायचा नव्हता, म्हातारा करायचा नव्हता आणि गोरा तर मुळीच करायचा नव्हता. साधी परीक्षा सांगतो. तो फोटो त्या बाईंना दाखवला तर त्या स्वतःला ओळखतील का? आणि ओळखल्यावर त्यांना बरं वाटेल का?

आता थोडं चित्रकलेकडे जाऊ. सावळाराम हळदणकरांचं एक जलरंगातलं चित्र आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं, आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. बाई हातात निरांजन घेऊन उभी आहे, वाऱ्यापासून ज्योत जपायला दुसरा हात आडवा धरलाय. त्यांनी आपल्या मुलीलाच उभं केलं होतं. बोटांच्या कडेतून उजेड झिरपतो. आता हिशेब करा. ते चित्र कागदावर आहे. कागदाचा पल्ला आपण मघाशी बघितला, साडेसहा स्टॉप, जास्तीत जास्त. खऱ्या ज्योतीइतका उजेड कागद देऊच शकत नाही. तरी ज्योत जळताना दिसते. का? कारण भोवतीचा अंधार त्यांनी राखला. अंधार खर्च करून उजेड विकत घेतला. हेच चित्र आजच्या एखाद्या एचडीआर ‘प्रीसेट’मधून काढलं तर मागची भिंत दिसेल, भिंतीवरचे पोपडे दिसतील, आणि ज्योत विझेल.

देवळाच्या गाभाऱ्याचंही तसंच. गाभारा अंधारा असतो तो वायरिंग नव्हतं म्हणून एवढंच कारण नाही. उन्हातून आत आलो की क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू समईच्या उजेडात आकार दिसायला लागतो. डोळ्यांना लागणारा तो वेळ दर्शनाचाच भाग आहे. परवानगी असेल तिथंच फोटो काढावा हे तर झालंच. पण काढलात तर गाभारा ट्यूबलाइट लावल्यासारखा करू नका. मूर्तीपुरता उजेड आणि बाकी अंधार. तुमच्या फाइलमध्ये भिंतीचा तपशील असू दे, तो घरी ठेवा.

शेवटचा फोटो. पुराचा. दारात शिरल्याबरोबर समोर लावलाय, सगळ्यांनी बघितला असेल. कृष्णेचं पाणी, बुडालेले विजेचे खांब, आणि वर ढग असे की आता आभाळ फाटून खाली येतंय. जांभळे, काळे, कडांना चांदीची रेघ. फोटो लोकांना फार आवडला, मोबाइलवर फिरलाही. आमची तक्रार या फोटोबद्दल सगळ्यात जास्त आहे.

त्या दिवसांत आपण सगळे इथंच होतो. आठवून बघा. आभाळ बरेच तास नुसतं राखाडी होतं, सपाट, गोणपाटासारखं. भीती ढगात नव्हती, पाण्यात होती. पाणी गर्जना करत आलं नाही. गुपचूप एकेक पायरी चढलं. त्या राखाडीपणातच त्या दिवसांचा खरा ताण होता. फोटोत आलंय ते सिनेमाचं पोस्टर. आज आपण ओळखतो, कारण आपण बघितलंय. तीस वर्षांनी आपल्या नातवंडांना काय वाटेल? की महापूर म्हणजे एक भयंकर वादळ होतं, ढग काळे झाले आणि सगळं बुडालं. मग धरणाचा विसर्ग, नदीकाठची बांधकामं, वेळेवर न हललेली माणसं आणि न आलेल्या बोटी, हे प्रश्न ढगांच्या मागं जातात. संकट आभाळानं आणलं म्हटलं की विचारायचं कुणाला?

आणि ज्या ठिकाणी या तंत्राची खरी गरज होती, तिथं आपण ते वापरलं नाही. घरातल्या काळ्या भिंतीवर. एक खिडकी, एक रेघ, तीन फोटो. एक खिडकीसाठी, एक मधला, एक भिंतीसाठी. काम पाच मिनिटांचं. त्यात ढग नसते, चांदीच्या कडा नसत्या. कुणी स्टेटसला ठेवला नसता. पण त्या बाईंच्या कपाळाच्या वर पाणी होतं हे कागदावर राहिलं असतं.

म्हणून तंत्र चांगलं की वाईट या वादात आम्ही पडत नाही. एकच विचारतो: या फोटोत जे वर आणलंय ते तिथं होतं का, आणि जे वर आणलंय ते महत्त्वाचं होतं का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असली की पट्टी ओढा, बिनधास्त ओढा. त्यातलं एक जरी ‘नाही’ असलं, तर हात आवरा.

पुढचा पावसाळा येणारच आहे. देव करो आणि पाणी पात्रात राहो. पण नदीकाठच्या प्रत्येक गावात दोन-तीन पोरांना हे तीन फोटो काढता आले पाहिजेत, एवढीच आजच्या भाषणामागची इच्छा.



प्रश्न : कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. चालेल का?

चालेल की. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआर आलं, आता तर बहुतेक फोनमध्ये ते न विचारताच चालू असतं. गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये त्यांची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यात फोन मुद्दाम कमी उजेडाचे, एकसारखे बरेच फोटो भराभर काढतो आणि त्यांची सरासरी करून सावलीतली खर घालवतो. त्यामुळं हात थोडा हलला तरी जमतं. अडचण एवढीच की वडापमध्ये कुणाला कुठं बसवायचं ते फोनच ठरवतो. म्हणून प्रो मोड आणि रॉची सोय असेल तर ती शिकून घ्या. नसेल तर निदान पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढायला शिका.

प्रश्न : किर्लोस्करवाडीला कारखान्यात ओतकाम बघितलंय. वितळलेलं लोखंड आणि आसपास अंधार. तिथं एचडीआर जमेल का?

छान दृश्य निवडलंत. १९१० पासूनची ती वाडी, लोखंडी नांगरापासून सुरुवात. पण लोखंड ओतताना धार हलते, ठिणग्या उडतात, माणसं हलतात. तीन फोटो एकमेकांवर बसणार नाहीत. तिथं एकच रॉ फोटो, धारेचा रंग पांढरा फट्ट होणार नाही इतका गडद काढा, आणि घरी सावली थोडीशी उचला. आतली परवानगी आणि सुरक्षिततेचं सामान आधी. आणि बाकीचा अंधार राहू द्या. ओतकाम करणारा माणूसही त्या वेळी धारच बघत असतो.

प्रश्न : स्पर्धेत एचडीआर म्हणजे खोटा फोटो म्हणतात. खरं आहे का?

डोळाही हेच करतो हो. खिडकीकडे बघताना बाहुली आखडते, कोपऱ्याकडे बघताना पसरते, आणि मेंदू सगळं जोडून एक खोली दाखवतो. तेव्हा जोडणं हे खोटं नाही. खोटं होतं ते जोडताना जे नव्हतं ते घातल्यावर. स्पर्धेच्या नियमात मनाई असेल तर नियम पाळा, आणि फोटोखाली किती एक्स्पोजर जोडलेत ते लिहायची सवय लावा. ‘तीन एक्स्पोजर, दोन स्टॉपच्या अंतरानं’, एवढं लिहिलं की पुरे. ज्याला लिहायला लाज वाटते, त्यानं तो फोटो लावू नये.